मेडलवर १०५, कागदावर २/५: पलटण एकच का?

नंदगडकर: खानापूर तालुक्यातल्या एका घरात पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल आहे. काठावर '१०५ मराठा' असा ठसा. त्याच शिपायाच्या १९२४ च्या डिस्चार्ज कागदावर मात्र २/५. आणि गावात सगळे 'काळी पाचवी' म्हणतात. पलटण एक की तीन?

कॅम्पवाला_बेळगाव: एकच की! घोळ होतोय तो दोन वेगळ्या पाचांचा. मूळ पलटण मुंबई लष्कराची ५ वी नेटिव्ह इन्फन्ट्री, १८४० साली बलुचिस्तानात काहानचा वेढा झुंजवलेली. 'काळी पाचवी'तला पाच हा. १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी लष्कराचा सरसेनापती किचनर याच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या नंबरात १०० मिळवले, म्हणून ती १०५. १९२२ मध्ये सहा मराठा पलटणींची मिळून ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १०५ तिची दुसरी बटालियन. रेघेआधीचा आकडा बटालियनचा, नंतरचा रेजिमेंटचा. हा पाच नवा, जुन्या पाचवीशी त्याचा काही संबंध नाही.

नंदगडकर: मग कागदावर ५/५ असेल तर तीही काळी पाचवीच?

निपाणी_७१: नाही, नाही! ५/५ म्हणजे ११७. हीच चूक सगळीकडे दिसते. १०३ झाली १/५, आपली जंगी पलटण. ११० झाली ३/५, ११६ झाली ४/५. ११४ मात्र १०/५, म्हणजे बेळगावची ट्रेनिंग बटालियन. नुसते शंभर वजा केलेत तर ११० ची १०/५ निघते. ११० पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली. म्हणजे तुर्कांच्या कैदेत गेलेला शिपाई तुम्ही बेळगावात रंगरूट शिकवायला बसवाल. आणि ३/५ आज मराठ्यांत शोधू नका, १९५२ मध्ये ती २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली.

कॅम्पवाला_बेळगाव: मेडलला पितांबरी, ब्रासो काही लावू नका. काठावरची अक्षरं उथळ असतात, घासून आधी तीच जातात. उजेड बाजूनं तिरका पाडून भिंगातून वाचा: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, मग पलटण. नंबर उतरवून घेताना पलटणही लिहाच. तेव्हा नंबर पलटणीपुरते असायचे, तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही निघतो. इंग्रजीत शोधताना 'मराठा'च्या जुन्या स्पेलिंगमध्ये पहिल्या 'ए'नंतर 'एच' घाला, 'टी' दोनदा आणि त्यानंतरचा 'एच' काढा: Mahratta.