निवेदन द्यावं, अर्ज करावा की तक्रार?

शेंगाचटणी
सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे नवीन सांगायला नको. आमचं रडगाणं वेगळं आहे. पुढच्या दोन गल्ल्यांना पाणी संध्याकाळी सुटतं, आम्हाला रात्री दोनला. तेही घागरी भरून होईपर्यंत बंद. ही वेळ कुणी ठरवली म्हणून विचारलं तर सांगायला कुणी तयार नाही. शेवटी गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन कागद केला. मुंबईच्या भाच्यानं इंग्रजीत मसुदा पाठवला होता, तो मी मराठीत आणला आणि वर ‘निवेदन’ असं लिहिलं.

कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही) टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “निवेदन कशाला लिहिलंय? निवेदन म्हणजे नुसतं कळवणं. उत्तर पाहिजे तर तक्रार लिहा, नाहीतर अर्ज.” घरी सासरे उलटं सांगतात. तक्रार म्हटलं की ती एका माणसावर होते, पाणी सोडणारा गरीब फुकट अडकतो. दहाजणांचं काम असलं की निवेदनच द्यायचं असतं म्हणे.

तर या तीन शब्दांत खरंच फरक आहे का? आणि मसुद्यात ‘फेअरनेस’ आणि ‘अकाउंटेबिलिटी’ आहे. मी ‘न्याय्य वागणूक व उत्तरदायित्व’ लिहिलं, तर शेजारच्या अक्का वाचून म्हणाल्या, “हे कुणाचं भाषण आहे गं?”

जुना_दफ्तरी
ताई, माझी सगळी नोकरी बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर गेली. तुमच्या कागदावर मथळा काय आहे ते आम्ही बघतच नव्हतो. आवक क्रमांक टाकायचा, ‘विषय’ रजिस्टरात उतरवायचा, शिक्का मारायचा, पोच द्यायची. लोक मथळ्यावर डोकं चालवतात आणि विषयात लिहितात ‘पाण्याबाबत’. आता पाण्याबाबत म्हणजे काय? गळती, गढूळ पाणी, जोडणी, पट्टी, प्रत्येकाचं टेबल वेगळं. तो कागद टेबल शोधत फिरतो आणि महिन्याभरानं ‘आमच्याकडील विषय नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

माझ्या मते भांडायचं तर दुसऱ्या एका जोडीवर भांडा. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’. साहेबांनी ‘उचित कार्यवाहीस्तव’ लिहिलं की कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा, एवढाच अर्थ. ‘कारवाई’ लिहिलं तर कुणाच्या तरी अंगावर येतं. मोर्च्यात लोक ‘कारवाई झालीच पाहिजे’ म्हणून घसा कोरडा करतात आणि आत जाऊन जे निवेदन देतात त्यात ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’. मग ती होते. कागद नस्तीबद्ध करणं, म्हणजे फायलीला लावून ठेवणं, हीसुद्धा कार्यवाहीच की.

विजापूरवेस
काका, एक नंबर! ‘दप्तरी दाखल’ म्हणजे फाइल बंद, पण मला नोकरीला लागेपर्यंत त्याचा अर्थ ‘नोंद घेतली’ असाच वाटायचा.

जुना_वकील
तिन्हीत फरक आहे, पण सासरे म्हणतात तो नाही. तक्रार व्यक्तीविरुद्धच असते असं काही नाही. मुळात अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा म्हणणं. आपल्याकडे येता येता वाद आणि मग गाऱ्हाणं असा अर्थ झाला. ज्यानं कुणी हा अर्थ लावला त्याला सरकारी कामाचा अनुभव दांडगा असणार.

‘अर्ज’ही अरबी. समोर मांडणं, सादर करणं. म्हणजे बाई निवेदनाला ‘नुसतं कळवणं’ म्हणतात ते अर्जालाही लागू आहे. ‘फिर्याद’ फारसी, मूळ अर्थ आक्रोश. आता पोलीस ठाण्यात आणि कोर्टातच उरली. ‘दरखास्त’ म्हणजे साधी विनंती, पण आमच्या दिवाणी कोर्टात निकाल लागल्यावर त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून जी करावी लागते ती दरखास्त. म्हणजे जिंकल्यावरसुद्धा विनंती आहेच. ‘याचिका’ संस्कृत आहे म्हणून भारदस्त वाटते, पण धातू ‘याच्’, तोच ‘याचक’ शब्दातला. हायकोर्टात जाऊन आपण काय करतो ते ओळखा.

भाषाशुद्ध
वकीलसाहेबांनी स्वतःच सिद्ध केलं. अर्ज, तक्रार, फिर्याद, दरखास्त, सगळे परके. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय शोभेला? ‘निवेदन’ हा शुद्ध, सौम्य, आपला शब्द आहे. नि + विद्, जाणवून देणे. ‘नैवेद्य’ त्याच धातूचा. ताईंनी निवेदनच द्यावं. आणि ‘उत्तरदायित्व’ यात वाईट काय आहे? अक्कांना कळत नाही म्हणून भाषा खाली आणायची का?

साखरपेठ
नैवेद्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. ताट देवापुढं ठेवायचं, पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि तेच ताट जसंच्या तसं घरी आणायचं. निवेदनाचंही अगदी तेच होतं, फक्त प्रसाद वाटला जात नाही.

आणि अक्कांना खाली म्हणू नका. माझी आई विडी कामगार होती. पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळायच्या, परत न्यायच्या, तिथं तपासणारा निम्म्या नाही तरी बऱ्याच छाटात काढायचा. त्याचे पैसे नाहीत. आमचं घर तेलुगू बोलणारं. आई मराठी अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायची आणि सांगायची, “अर्जी नको रे, फिर्यादु लिही.” मी शाळेत शिकलेला, मी तिला शहाणपणानं सांगायचो की फिर्याद फक्त पोलिसात. तेलुगूत साध्या तक्रारीलासुद्धा ‘फिर्यादु’ म्हणतात. तिला विनंती नव्हती करायची, बोंब मारायची होती, आणि फारसीतला मूळ अर्थ नेमका तोच निघाला. आता सांगा शुद्ध कोण बोलत होतं.

विजापूरवेस
तेलुगू आलं तर कन्नड घ्या. माझा मेव्हणा विजापूरचा. एकदा फोनवर म्हणाला, तिथं मंत्री आले होते, लोकांकडून ‘अहवालु’ घेतले. मी म्हटलं, लोक कसले अहवाल देतात, अहवाल तर अधिकाऱ्यांनी द्यायचा. बराच वेळ दोघंही दुसऱ्याला येडा समजत होतो. कन्नडात अहवालु म्हणजे लोकांची गाऱ्हाणी. अरबीत ‘हाल’चं अनेकवचन ‘अहवाल’. तिकडं लोकांचे हाल लोक सांगतात, इकडं लोकांचे हाल समिती लिहिते.

मंगळवेढा_ज्वारी
‘गाऱ्हाणं’ कुणी का सुचवत नाही? आपला खास मराठी शब्द. कोकणात तर देवाला गाऱ्हाणं घालतात, ‘व्हय म्हाराजा’ म्हणून. त्यात रडणं नसतं, देवाला चक्क सांगितलं जातं की हे हे कर.

जुना_वकील
संस्कृत ‘गर्हणा’वरून आहे, म्हणजे निंदा. भाषाशुद्ध खूश होतील. पण कार्यालयात ‘गाऱ्हाणे’ देऊन बघा, हसतील.

भाषाशुद्ध
हसणाऱ्यांची मानसिकता बदलायला हवी.

हुरडा_भीमाकाठ
तोपर्यंत पाणी दोनलाच.

मुद्द्याचं सांगतो. लोकशाही दिन माहीत आहे ना, दर महिन्याचा पहिला सोमवार, कलेक्टर कचेरीत. तिथं अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो आणि तो ‘वैयक्तिक स्वरूपाचा’ असावा लागतो. म्हणजे तुम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून सह्या केल्यात तीच अडचण. निवेदन म्हणा, तक्रार म्हणा, सामुदायिक आहे म्हणून बाजूला पडेल. प्रत्येक घरानं आपलं आपलं लिहावं, ‘माझ्या घरी पाणी रात्री दोन वाजता येते’. तिथं ‘आम्ही’पेक्षा ‘मी’ भारी.

शेंगाचटणी
म्हणजे तहान एकट्याची असली तरच ऐकणार? आणि सह्या गोळा करताना मी दारोदार फिरले ते? एका आजोबांनी तर सहीखाली ‘स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा’ असं लिहिलंय.

साखरपेठ
त्या आजोबांना नमस्कार सांगा. १९३० साली मार्शल लॉ लागलेलं गाव हे. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्याच गावात आपण ‘महोदय, आपणांस नम्र विनंती की’ लिहितो. नम्र कशाला? पाणीपट्टी भरतो की.

जुना_दफ्तरी
नम्र लिहायचं ते साहेबासाठी नाही हो, कागद खालच्या टेबलावर अडू नये म्हणून. पेशवाईतली पत्रं बघा, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा मायना आणि खाली चांगली खरडपट्टी. मायना वेगळा, मजकूर वेगळा.

भाषाशुद्ध
विनंती = वि + नति, विशेष नमणे. आपल्या संस्कृतीतच ते आहे.

जुना_वकील
नाही. विज्ञप्ती, त्यावरून प्राकृतात विण्णत्ति, त्यावरून विनंती. जाणीव करून देणे. नमण्याचा काही संबंध नाही. कन्नडातली ‘बिन्नह’ आणि तेलुगूतलं ‘विन्नपम्’ याच घरातले. वाकण्याचा अर्थ आपणच नंतर आत भरला.

भाषाशुद्ध
हे पाश्चात्त्य कोशकारांचं मत झालं.

जुना_वकील
मत कुणाचं का असेना, ‘ज्ञ’चा ‘ण्ण’ कसा होतो ते प्राकृताच्या कुठल्याही व्याकरणात बघा. आणि मवाळांच्या ज्या अर्जविनंत्यांची नंतर टिंगल झाली, त्यात इतका कणा नव्हता असंही नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली तेव्हा सभासद व्हायला लोकांकडून मुखत्यारपत्रं आणावी लागत. ‘आम्ही इतक्यांच्या वतीनं बोलतो’ हे आधी कागदावर, मग अर्ज. हुरडा_भीमाकाठ यांचा ‘मी भारी’ हा नियम आजचा आहे, जुन्या लोकांना तो मानवला नसता.

हुरडा_भीमाकाठ
नियम माझा नाही हो वकीलसाहेब, सरकारचा आहे. मी फक्त वाट सांगितली. अजून एक वाट: आता निवेदन देऊन पोच घ्या, गप्प बसा, आणि थोड्या दिवसांनी माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा, ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, नस्तीवरील शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात’. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर अपील. निवेदनाला उत्तराचं बंधन नसेल तर नसू दे, माहितीच्या अर्जाला आहे. त्या बाईंच्या बोलण्यात तथ्य असलं तर एवढंच.

मंगळवेढा_ज्वारी
एवढं सगळं करण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला बसा. धरणे. धरण भरलेलं असताना धरणे धरायला लागतं, ही फक्त सोलापूरची गंमत.

विजापूरवेस
रिकाम्या घागरी आणि हलगी घेऊन बसा, फोटो तरी छापून येईल. हलगीशिवाय आंदोलन म्हणजे लग्नाची पंगत वाटते लोकांना.

मंगळवेढा_ज्वारी
घागर मोर्चा म्हणतात त्याला. ‘हंडा मोर्चा’ पुण्या-मुंबईकडं.

विजापूरवेस
नाही हो, सोलापुरातही हंडाच म्हणतात. घागर वेगळी, हंडा वेगळा. घागरीला गळा असतो.

साखरपेठ
आमच्याकडं दोन्हीला बिंदगी. आता प्लॅस्टिकचीच असतात, गळ्याचं काय घेऊन बसलात.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळणार आहे का? ‘फेअर’ला घराघरात माहीत असलेला शब्द आहे: रास्त. ‘रास्त भाव दुकान’ ही पाटी रेशनच्या दुकानावर सगळ्यांनी वाचलीय. न्याय्य म्हटलं की ‘य’ एक की दोन इथंच माणूस अडतो. आणि अकाउंटेबिलिटीला जाब. जाब म्हणजे जबाब, जबाबदारी त्याच्यातूनच आली, जो जबाब देणं लागतो तो जबाबदार. आपण जबाबदारीचा अर्थ नुसता ‘ओझं’ करून टाकला, म्हणून उत्तरदायित्व नावाचं नवीन गाठोडं आणावं लागलं.

जुना_दफ्तरी
‘जाब द्यावा’ लिहिलंत तर साहेब चिडतील. ‘झाडा’ बघा. आमचे मोठे साहेब म्हणायचे, “महिन्याचा झाडा द्या.” सगळा हिशेब झाडून समोर. त्यात राग नाही, पण सुटकाही नाही.

विजापूरवेस
झाडा आता ऐकायलाच येत नाही. तुमच्या ‘बारनिशी’सारखाच. बाय द वे, ‘बारनीस’ आडनावाचा याच्याशी संबंध आहे का?

जुना_वकील
आहे. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, बारनीस, सगळे तिथलेच.

साखरपेठ
भाषाशुद्ध, तुमचं आडनाव काय हो?

भाषाशुद्ध
‘नीस’नंच संपतं. त्याचा इथं काहीही संबंध नाही.

शेंगाचटणी
मथळा तसाच ठेवतेय, सह्या परत घ्यायला कोण फिरणार. विषय बदललाय, बघा: ‘आमच्या गल्लीस रास्त वेळी व इतर गल्ल्यांइतकेच पाणी मिळणेबाबत, व सदर पाळी कोणी ठरविली याचा खुलासा होणेबाबत.’ अक्का म्हणतात ‘पाळी’ काढ, बायकांच्या सह्या आहेत, टेबलावरची पोरं फिदीफिदी हसतील.

मंगळवेढा_ज्वारी
कशाला काढायचा? पाण्याची पाळी हा शेतकऱ्यांचा रोजचा शब्द आहे. हसणाऱ्यांनी कधी पिकाला पाणी द्यायला रात्री दारं धरली नसतील.

भाषाशुद्ध
‘आवर्तन’ लिहा. शासकीय शब्द आहे, उजनीच्या कालव्यासाठी तोच वापरतात.

हुरडा_भीमाकाठ
आवर्तन उसाला असतं. आम्हाला बिंदगीभर पाहिजे.