संत्र्याच्या डिंक्यावर जैविक औषध: भांडवल कुठून उभं करावं?

वावरवाली (मोर्शी तालुका):
नमस्कार मंडळी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय. आमच्या बागेत डिंक्यानं (खोडातून डिंक गळण्याच्या रोगानं) झाडं वाळत होती, त्यात एक झाड तग धरून होतं. त्याच्या मुळाजवळच्या मातीतून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वेगळी काढली. प्रयोगशाळेत ती डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूला दाबते, काकांच्या बागेतही फरक दिसतोय. आता कंपनी काढायची आहे. ओळखीचे एक कृषी केंद्रवाले 15 लाख द्यायला तयार आहेत, पण 40 टक्के हिस्सा मागतात. घरचे म्हणतात, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नको. की मुंबईच्या व्हेंचर फंडांना (हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्यांना) विचारू? सरकारी अनुदान खरंच मिळतं का?

जुना वऱ्हाडी (अकोला):
ताई, इतक्यात सही करू नका. 15 लाखांत 40 टक्के म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत साडेसदतीस लाख धरली. उद्या मोठा गुंतवणूकदार आला की पहिल्यांदा हेच बघेल, की संस्थापकाकडे उरलं किती.

बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान बघा. 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळतात आणि हिस्सा एक पैशाचाही मागत नाहीत. कंपनी नसली तरी व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. पुण्याचं व्हेंचर सेंटर (फंड नव्हे, नवउद्योगांना आधार देणारी संस्था) त्यांचं भागीदार आहे. पैसे हप्त्यानं येतात, ठरलेलं काम दाखवलं की पुढचा हप्ता. त्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या इन्क्युबेशन केंद्रात (नवउद्योगांना मार्गदर्शन देतात तिथं) जाऊन या, ते आपल्या भागातलंच आहे.

व्हेंचर फंडाचं गणित निराळं. त्यांनाही आपल्या गुंतवणूकदारांना साधारण दहा वर्षांत पैसा वाढवून परत द्यायचा असतो. त्यामुळे नोंदणी नसलेल्या औषधात ते सहसा हात घालत नाहीत. कीटकनाशक कायद्याच्या कलम 9(3ब) खाली तात्पुरती नोंदणी मिळाली की विक्री सुरू करता येते. तिथपर्यंतचा खर्च अनुदानातून काढा, मग फंडाकडे जा.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन: टिकाऊपणाची माहिती गोळा करा. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. मे महिन्यात आपल्याकडच्या टिनाच्या दुकानात पाकीट ठेवलं तर किती उरतात? दर महिन्याला मोजा, तारखेसकट वही ठेवा. काकांच्या बागेतल्या फरकाची नोंदही तशीच हवी, औषध न घातलेल्या झाडांसह. अनुदानाचे परीक्षक तीच वही मागतात. विदर्भाच्या उन्हात टिकणारं औषध आपल्याच माणसानं बनवावं असं मला फार वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

प्रयोगशाळा_वर्धा:
वऱ्हाडी दादांशी सहमत. भर एवढीच, की बुरशी चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीवांच्या मान्य संग्रहात ठेवून क्रमांक घ्या, नोंदणीला तो लागतो. स्थानिक मातीतला जीव विकायचा म्हणजे राज्य जैवविविधता मंडळाचीही प्रक्रिया आहे. त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे.

वावरवाली:
दादा, मनापासून आभार. बाबांना हिशोब वाचून दाखवला, ते आता थांबा म्हणतात. औषध न घातलेली झाडं मात्र आमच्याकडं उरली नाहीत, सगळ्यांनाच घालून बसलो.

संत्रावाला_वरूड:
मग आमच्या वावरात ये ना बाई. डिंक्या आमच्याकडंही हाय. दोन ओळी देतो, एकीले घाल, दुसरी तशीच ठेव. पाऊस लागायच्या आधी कळव फक्त.