अमेरिकेतल्या चिनी मजुरांची गोष्ट मुलांना कशी सांगावी?

गोदाकाठची काकू:
आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दर रविवारी पाचवी-सहावीची दहाबारा पोरं जमवून मी गोष्ट वाचते. सध्या एक ऐतिहासिक कादंबरी चालू आहे, चीनमधला पोरगा कॅलिफोर्नियाला रेल्वेच्या कामावर जातो ती, पुस्तक इंग्रजी आहे म्हणून मी वाचत वाचतच मराठीत सांगते. परवा एकाने विचारलं, काकू हे खरंच झालेलं का? मी गडबडलेच. पुढे मारहाण वगैरे पण आहे, ते गाळू का?

घाटरस्ता:
गाळू नका हो. मी इतिहास शिकवतो, माझा अनुभव असा की पोरं मारहाणीला घाबरत नाहीत, आपणच घाबरतो. पोरगा आणि त्याचे संवाद लेखकाचे, पण कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतला बर्फ, सुरुंग लावून फोडलेले बोगदे, दहा हजारांवर चिनी मजूर, हे सगळं खरं. 1867 ला त्यांनी गोऱ्यांएवढा पगार द्या म्हणून संप केला, कंपनीने खाण्यापिण्याचं सामानच बंद केलं आणि आठवड्याभरात संप मोडला. दोन्ही बाजूंनी येणारी लाईन जोडली 1869 ला, त्या दिवशीच्या प्रसिद्ध फोटोत चिनी माणूस शोधून दाखवा म्हणावं पोरांना. आणि आपली कसारा घाटातली लाईन पण त्याच सुमाराची, 1865. तो घाट कोणी फोडला, त्यातल्या एकाचं तरी नाव माहितीये का?

तिखटजाळ:
आधी आपला इतिहास तरी शिकवा, चीनचं कौतुक कशाला 🙏

घाटरस्ता:
@तिखटजाळ, मग आपलाच घ्या. 1962 च्या युद्धात आसाम-बंगालातली चिनी वंशाची कुटुंबं, पिढ्यानपिढ्या इथलीच, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली, तीन हजारांच्या आसपास माणसं, काही तर वर्षानुवर्षं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलंत?

पायरी_मोजा:
काकू, एक खेळ घ्या. 1882 ला अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली, तो थेट 1943 ला रद्द झाला. मधे 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोत आग लागून जन्माची कागदपत्रं जळाली, मग बरेच जण आम्ही इथेच जन्मलो, म्हणजे इथलेच नागरिक, म्हणायला लागले आणि त्यांचे मुलगे म्हणून चीनमधून कागदोपत्री मुलगे, म्हणजे फक्त कागदावरचे, यायला लागले. ते खरे की खोटे हे बघायला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर उलटतपासणी व्हायची, घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, आणि नातेवाईकाचं उत्तर जुळलं नाही तर परत पाठवणी. दोघा भावंडांना वेगवेगळं बसवून असंच विचारा.

गोदाकाठची काकू:
केलं आज! सख्खी जुळी, जिन्याला पायऱ्या एकीने चौदा सांगितल्या, एकीने अठरा. खऱ्या होत्या सोळा. धाकटी रडवेली होऊन म्हणाली, म्हणजे आम्हाला पण परत पाठवलं असतं? मारहाणीचं प्रकरण पुढच्या रविवारी, काहीही न गाळता. आणि तो फोटो प्रिंट मारून आणतेय.