नुसतं पडीक नसतं ते
सरकारने शेतकऱ्याला दिलेले पीक न घेण्याचे पैसे म्हणजे आयती खिरापत, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या १९८५च्या ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ या अशाच योजनेत रान नुसतं पडीक टाकून भागत नाही. १० ते १५ वर्षांचा करार, गवत किंवा झाडं लावायची, तण आवरायचं. लागवडीचा साधारण निम्मा खर्च सरकारचा, बाकीचा मालकाच्या खिशातून. शिवाय उताराची, धुपणारी जमीन. तिथे मका तरी कितीसा येणार?

खरी गोम पुढे आहे. २००७मध्ये योजनेत सुमारे ३.६८ कोटी एकर होते. मग इथेनॉलपायी मका वधारला आणि करार संपले तसा कित्येकांनी गवतावर पुन्हा नांगर घातला. वर्षानुवर्षं रुजलेलं गवत एका हंगामात साफ! २०१४च्या शेती कायद्याने तर योजनेतल्या जमिनीची कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली.