खालच्या कोर्टातले न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात इतके कमी का?

मुद्देमाल: कलम १२४(३) नुसार सर्वोच्च न्यायालयात जायच्या वाटा तीन: उच्च न्यायालयात ५ वर्षं न्यायाधीश, १० वर्षं वकिली, किंवा नामवंत विधिज्ञ (म्हणजे कायद्याचे मोठे अभ्यासक). प्रत्यक्षात बहुतेक जण पहिल्या वाटेने जातात, आणि त्यातलेही बरेचसे मूळचे वकीलच. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९५८ साली केरळात मुन्सफ (खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश) झाल्या, १९८९ मध्ये दिल्लीला पोचल्या. तेही उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर! माझं मत स्पष्ट आहे: जिल्हा न्यायालयातून आलेल्यांचं प्रमाण ठरवूनच वाढवावं.

काळा कोट: कशाला? उदय लळीत २०१४ मध्ये थेट वकिलीतून गेले, २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. टूजी खटल्यात ते विशेष सरकारी वकील होते. खालचं कोर्ट त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायचंय का? शिवाय घटनापीठापुढे (पाच किंवा जास्त न्यायाधीशांपुढे) राज्यघटनेच्या व्याख्येचे प्रश्न असतात, पंचनाम्याचे नाहीत.

मुद्देमाल: घटनापीठ रोज बसतं का? रोजचा ढीग अपिलांचा आणि जामिनाचा. साक्षीदार उलटतपासणीत अडखळला, उत्तराआधी कुणाकडे तरी बघितलं, तर तसा शेरा नोंदवायचा अधिकार समोर बसलेल्या न्यायाधीशाला असतो. वर जातो तो फक्त कागद. हे शेरे ज्याने स्वतः लिहिलेत (किंवा घाईत लिहायचे टाळलेत) तो कागद वेगळा वाचतो. वकील प्रश्न विचारतो हो, पण कुणावर विश्वास ठेवायचा हे त्याला ठरवावं लागत नाही.

तारीख पे तारीख: भांडण वयाचं आहे. उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ ला, वर ६५ ला. माजी सरन्यायाधीश भूषण गवई वकिलीतून आले, पंचेचाळिशीच्या आत उच्च न्यायालयात गेले, २००३ साली. तरी दिल्ली गाठायला २०१९ उजाडलं. जिल्हा न्यायाधीश छप्पनाव्या वर्षी बढती मिळून गेला तर ज्येष्ठतेच्या रांगेत त्याचा नंबर कधी लागणार? त्यात मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या सुरुवातीच्या पदाच्या परीक्षेला ३ वर्षं वकिली पुन्हा सक्तीची. म्हणजे सुरुवातच उशिरा.

फुलबाग: विधिज्ञांची वाट १९५० पासून कोरीच आहे, त्यावर कुणी बोलत नाही. अमेरिकेत एलेना केगन एक दिवसही न्यायाधीश नसताना २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

काळा कोट: प्रमाण ठरवलं की न्यायाधीश नाही, कोटा निवडला जातो.

मुद्देमाल: उच्च न्यायालयात सेवेतल्यांसाठी (जिल्हा न्यायालयांतून बढतीने येणाऱ्यांसाठी) साधारण एक तृतीयांश जागा संकेताने धरतातच. तिथे चालतं, मग वर काय अडतं?