गोर्धन आणि करखात्याची दहा वर्षे
'चळवळीतला माणूस २००९ मध्ये थेट अर्थमंत्रिपदावर बसवला गेला' असे जे दक्षिण आफ्रिकेचे माजी अर्थमंत्री प्रवीण गोर्धन यांच्याबाबतीत म्हटले जाते, ते मला पटत नाही, कारण त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १९९९ पासून, ते दक्षिण आफ्रिकेच्या महसूल सेवेचे, म्हणजे करखात्याचे, आयुक्त होते. डर्बनमध्ये औषधनिर्माणशास्त्र शिकलेला, गांधीजींनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसमध्ये वाढलेला आणि 'ऑपरेशन वुला' या भूमिगत मोहिमेमुळे १९९० मध्ये तुरुंगात गेलेला हा कार्यकर्ता करवसुलीकडे वळला, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु वर्णभेदी राजवटीविरुद्ध ज्यांनी कर, भाडे नाकारण्याचे लढे पाहिले होते, त्यांनाच आता लोकांना कर भरण्यास राजी करायचे होते, आणि माझ्या मते गोर्धन यांची खरी कामगिरी हीच आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री नेने यांना हटवल्यावर त्यांच्या जागी आलेले व्हॅन रूयेन चार दिवसही धड टिकले नाहीत, रँड हे तिथले चलन कोसळले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष झुमांना गोर्धन यांनाच अर्थमंत्रिपदावर परत बोलवावे लागले, त्यामागे हीच पुण्याई होती. मार्च २०१७ मध्ये झुमांनीच त्यांना पदावरून काढले, तेही लंडनमधील गुंतवणूकदारांच्या भेटीवरून अर्ध्यातून परत बोलावून.