‘नाइस’ म्हणजे नेहमी ‘छान’च का?

प्रश्न (निपाणी): मुलीच्या इंग्रजी धड्यात ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असा प्रयोग आला असून, तिथे ‘छान फरक’ हा अर्थ काही केल्या बसत नाही. तो कसा लावावा?

उत्तर (खानापूर): तिथे ‘नाइस’ म्हणजे सूक्ष्म. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अजाण’; जुन्या फ्रेंचमधून तो सुमारे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा ‘मूर्ख’ असा होता, पुढे ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ असा सरकत अठराव्या शतकात ‘छान’पर्यंत पोहोचला. मूर्खाचे नशीब उजळले म्हणायचे!

उत्तर (बेळगाव, शहापूर): सराफाचा काटा गुंजभर हलल्यावर दिसतो, तो फरक ‘नाइस’. कन्नडमध्येही ‘सूक्ष्म’ चालतेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वहीतले ‘छान’ खोडून तिने ‘बारीक’ लिहिले आहे.